झाकलेले मार्क

नेर,
रविवार दुपार

प्रिय नुजहत,

आधी एवढंच वाच आणि एक मोकळा श्वास घे: सगळं नीट झालं. फेरतपासणी काल संपली, तुझ्यावरचा आरोप टिकला नाही, आणि दीपाच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं तक्रार मागे घेतली. बाकीचं सावकाश सांगते. पण खालाला, तुझ्या अम्मीला, आत्ताच हाक मारून हे सांग. त्या माउलीनं महिनाभर तुझ्या तोंडाकडे बघत किती घास गिळले असतील ते मला कळतं.

तू कालपासून माझे फोन उचलत नाहीस हे माझ्या लक्षात आलंय. पण त्याआधीचे कितीतरी दिवस मीही तुला फोन केला नव्हता, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. तेच आधी सांगायला हवं. त्या दिवशी प्राचार्यांनी तुला म्हटलं, ‘चौकशी होईस्तोवर मॅडम तुम्ही येऊ नका,’ आणि तू टेबलावरचा डबा उचलून, चहा तसाच ठेवून निघालीस. मी स्टाफरूमच्या दारात उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी काहीच बोलले नाही. तुला वाटलं असेल, साधना पण त्यांच्यातच गेली. मला पुढचं दिसत होतं गं. तासाभरात प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘विभागप्रमुख तुम्ही आहात, पहिल्या वर्षाचे समाजशास्त्राचे पेपर तुम्हीच परत तपासा आणि हे प्रकरण मिटवा.’ मी नाही म्हटलं. म्हटलं, सर, नुजहत माझी मैत्रीण आहे. एम.ए.ला आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. मी तपासलेल्या पेपरांवर कोण विश्वास ठेवील? आणि खरं सांगू, माझा मला तरी राहील का? बाहेरचे दोघं बोलवा. मी फक्त व्यवस्था बघते. ते कबूल झाले, पण एका अटीवर: सगळं संपेपर्यंत मी तुझ्याशी या विषयावर एक शब्द बोलायचा नाही. आता तूच सांग, तुला फोन करून मी दुसऱ्या कोणत्या विषयावर बोलले असते? कापसाच्या भावावर? म्हणून गप्प राहिले. तुमच्या दारव्ह्याची बस रोज कॉलेजसमोरून जायची आणि मी खिडकीतून तोंड फिरवायची.

तक्रार नेमकी काय होती ते तुला कुणी धड सांगितलंही नसेल. दीपा बारावीला कॉलेजात पहिली आलेली. तिला समाजशास्त्रात काठावर मार्क, आणि झरी जामणीकडून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या सत्यभामेला तिच्यापेक्षा जास्त. तिच्या वडिलांना ते पचेना. त्यांनी दोन मुद्दे लिहून दिले होते. एक, मॅडमनी अशुद्ध भाषेत लिहिणाऱ्यांना मार्क वाटले आणि शुद्ध लिहिणाऱ्यांचे कापले. दुसरा लिहिताना त्यांनी जरा आडवळण घेतलं होतं, पण प्राचार्यांच्या केबिनमध्ये ते सरळच बोलले: ‘मॅडमनं आपल्या मोहल्ल्यातल्या पोरायले भरभरून देल्ले.’ हे ऐकल्यावर तीन-चार जणांनी माना खाली घातल्या. कुणी त्यांना उलट विचारलं नाही. मी केबिनबाहेर, उघड्या दाराशी होते म्हणून सुटले, आत असते तर काय केलं असतं कोण जाणे.

त्या वेळी मला अमरावतीतली तू आठवलीस. एम.ए.च्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि तुझ्या गुणपत्रिकेवर बेरीज तुझ्या बाजूनं चुकली होती. तू ती घेऊन खिडकीवर गेलीस, मी मागून ‘राहू दे ना’ म्हणत होते, आणि तो क्लार्क कपाळाला हात लावून म्हणाला, ‘मार्क वाढवाचा अर्ज असते बाई, कमी कराचा अर्जच नसते.’ तू साध्या कागदावर अर्ज लिहिलास. त्या रात्री मेसमध्ये सगळ्या पोरी तुला वेडी म्हणत होत्या आणि तू निवांत पोळीवर चटणी पसरवत होतीस. हे मी प्राचार्यांना सांगू शकले असते. पण मैत्रिणीनं सांगितलेल्या गोष्टीनं आरोप पुसला जात नसतो. तो झाकून ठेवला जातो, आणि दरवर्षी पेपर तपासायची वेळ आली की कुणीतरी तो उघडून बघतं. मला तो पुसायचा होता.

तर बाहेरून दोघं आले. महागावचे निवृत्त पंजाबराव गावंडे सर, आणि यवतमाळच्या उर्वशी मॅडम, आपल्यापेक्षा बऱ्याच लहान, नुकत्याच कायम झालेल्या. त्यांच्या हातात पेपर देण्याआधी उत्तरपत्रिकांवरची नावं, बैठक क्रमांक आणि समासातले तुझे लाल मार्क झाकून झेरॉक्स काढायच्या होत्या. ते कामही मी माझ्या हातानं केलं नाही, मला ते आकडे दिसायला नको होते. आपल्या अमर शिपायाला बसवलं. तो पट्ट्या चिकटवत म्हणाला, ‘मॅडम, हे झाकाझाकी कायले?’ मी म्हटलं, तपासणाऱ्याला पोराचं नाव, गाव, आधीचे मार्क, काहीच माहीत नको, फक्त उत्तर दिसायला हवं. त्यानं आणखी एक पट्टी चिकटवली. मग म्हणाला, ‘मंग नोकरीच्या मुलाखतीतही असंच तोंडावर पट्टी लावाले पाह्यजे होती.’ मला हसूही आलं आणि नाहीही.

गावंडे सर पहिल्या दिवशी फार उत्साहात होते. म्हणाले, ‘मॅडम, सारी हयात पेपर तपासण्यात गेली. पान उलटवलं का मले पोरगं समजते.’ मी त्यांना म्हटलं, सर, आधी दोघांनी पाच उत्तरं वेगवेगळी तपासा, मग बोलू. प्रश्न तोच, ज्यावरून सगळं रामायण झालं: ‘सामाजिक स्तरीकरण म्हणजे काय ते सांगून स्वतःच्या परिसरातील उदाहरणासह स्पष्ट करा.’ दहा गुण. पाचातल्या एका उत्तराला सरांनी दिले तीन आणि उर्वशीनं दिले नऊ. तेच उत्तर, तीच पानं. इतका फरक तर तुझ्यावर तक्रार करणाऱ्यानंही सांगितला नव्हता.

ते उत्तर मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. तुला ते पाठ असेल. व्याख्या मोडकीतोडकी, वैशिष्ट्यांपैकी दोनच, पण पुढे आपल्या पोडाबद्दल, त्या आदिवासी वस्तीबद्दल, लिहिलं होतं: ‘आमच्या पोडावरून रेशन आणाले गावात जा लागते. दुकानदार गावातल्या मानसाईले नाव घेऊन बोलावते, रावसाहेब, भाऊ, काका म्हनते. आमची पाळी आली का पोडवाले या म्हनते. माझ्या आईचे नाव त्याले ठाऊक हाय कारन कारडावर लिवलं हाय. पन तो घेत नाही. आईनं कधी त्याले आपलं नाव सांगतलं नाही आन त्यानं विचारलं नाही. दोघाईले वाटते का असंच असते. याले स्तरीकरन म्हनते.’ मी ते वाचून उठले आणि माठातलं पाणी प्यायले. इतकी वर्षं हा विषय शिकवतेय, पण ‘दोघाईले वाटते का असंच असते’ हे वाक्य माझ्या एकाही नोट्समध्ये नाही.

सर मात्र ठाम होते. ‘भाषा पाहा ना मॅडम. हाय काय, पन काय. कॉलेजचं पोरगं आहे का चवथीतलं?’ उर्वशी उसळली, ‘सर, पेपर समाजशास्त्राचा आहे, शुद्धलेखनाचा नाही.’ सर म्हणाले, ‘मंग उद्या गोष्टी लिहून आणतीन, त्यालेही नऊ द्या.’ दोघांचे आवाज चढले. प्राचार्य दार उघडून बघून गेले. मी दोघांच्या मध्ये प्रश्नपत्रिका ठेवली आणि म्हटलं, सर, भाषेला किती गुण ते यात कुठं लिहिलंय ते दाखवा. उर्वशी, वैशिष्ट्यं नसतील तर चालेल असं कुठं लिहिलंय ते तू दाखव. मग आम्ही बसून आधी ठरवलं, कोणत्या गोष्टीला किती: संकल्पना समजली आहे का, याचे तीन; वैशिष्ट्यांचे तीन; उदाहरण स्वतःच्या परिसरातलं आहे का आणि ते संकल्पनेला जोडलंय का, याचे चार. भाषा अर्थाच्या आड येत असेल तरच कापायचे. पाठ केलेली परदेशी विचारवंताची व्याख्या आणि गाइडमधलं उदाहरण असेल तर उदाहरणाचे चार मिळणार नाहीत, अक्षर मोत्यासारखं असलं तरी. हे ठरवायला आमची अख्खी दुपार गेली. त्यानंतर तेच उत्तर पुन्हा तपासलं. सर सातवर आले, उर्वशी साडेसातवर. सरांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, ‘वाचलं तं मी आधीही होतं, पण मी हाय मोजत बसलो.’

मग रोज एकच प्रश्न. सगळ्यांचा पहिला प्रश्न संपल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. आणि दर प्रश्नाला गठ्ठा पिसायचा, म्हणजे एकाच पोराचा पेपर नेहमी शेवटी येणार नाही. सकाळी तपासलेली काही उत्तरं मी दुपारी न सांगता पुन्हा त्यांच्यापुढे सरकवायची. उर्वशीचे मार्क बहुतेक वेळा जुळायचे. सरांचे एके दिवशी भलतेच हुकले. जेवणाच्या आधी ज्याला पाच दिले होते, त्यालाच जेवणानंतर सात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून मी त्यांना दाखवले. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. त्यांना मधुमेह आहे, जेवण लांबलं की त्यांची चिडचिड होते. ते खिडकीबाहेर बघू लागले. रस्त्यावरून बाजार समितीकडे कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. मग म्हणाले, ‘मॅडम, एवढी वर्षं मी पोरायले माह्या भुकेचे मार्क देल्ले का हो?’ दुसऱ्या दिवसापासून ते पिशवीतून मुरमुरे-फुटाण्यांची पुडी आणायला लागले आणि दर तासाला आम्हा दोघींना पण खायला लावायचे.

आता जे सांगायला जड जातंय ते सांगते. मधल्या एका दुपारी अफरोजचं उत्तर माझ्या नजरेला पडलं. नाव झाकलेलं होतं, पण त्यानं गॅरेजचं उदाहरण लिहिलं होतं, कोण हातात पाना घेतं आणि कोण गल्ल्यावर बसतं ते, आणि गॅरेजात कामाला जाणारा वर्गात तोच एक, त्यामुळे मी ओळखलं. मला ते उत्तर साधारणच वाटलं. आणि मला आठवलं, तू वर्गात त्याचं फार कौतुक करतेस. त्याचं घर तुमच्या गल्लीच्या टोकाला. नुजहत, त्या क्षणी माझ्या मनात आलं, खरंच असेल तर? आपल्या माणसाकडे हात थोडा सैल पडतोच, कुणाचा पडत नाही? तुझ्याबाबत मला असं वाटू शकतं याचंच मला नवल वाटलं. त्यानंतर झोप उडाली. तुझ्यावर विश्वास होता, पण तो विश्वास आता मला पुरेनासा झाला होता. पट्ट्या निघाल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

काल पट्ट्या निघाल्या. प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं, दीपा आणि तिचे वडील. अमरनं तुझ्या मूळ उत्तरपत्रिका आणल्या आणि एकेक प्रश्न घेऊन तुझे मार्क आणि या दोघांचे मार्क शेजारी शेजारी वाचले गेले. सत्यभामेच्या त्या उत्तराला तू दिले होतेस सात. सर सात, उर्वशी साडेसात. मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते ती तेव्हा सोडली. मोहल्ल्यातली म्हणून ज्या पोरांवर बोट ठेवलं होतं, त्यांच्या मार्कांत कुठे अर्धा, कुठे एक, एवढाच फरक. आणि अफरोजला तर या दोघांनी तुझ्यापेक्षा एक जास्त दिला होता! म्हणजे मला साधारण वाटलं ते माझ्या संशयानं. दीपाच्या स्तरीकरणाच्या उत्तराला तू चार, सर चार, उर्वशी साडेचार. सरळ गाइड उतरवलं होतं पोरीनं.

पण तू चुकलीस तेही ऐक. पाचव्या प्रश्नात तू सगळ्यांवरच कडक झालीस, आणि गठ्ठ्यात जे शेवटी होते त्यांच्यावर तर फारच. दमली असशील. तासिका तत्त्वावर दोन कॉलेजं करून संध्याकाळी पेपर घेऊन बसायचं, कुणाचा हात आवळणार नाही? त्या प्रश्नात दीपाला तू तीन दिले होतेस, तिचे पाच व्हायला हवे होते. तिच्यासारख्या आणखी काहींचे वाढले. सत्यभामेचाही एक वाढला. कुणाचे कमी करायची वेळ फारशी आली नाही. गावंडे सर म्हणाले, ‘हा थकवा आहे, पक्षपात नाही. हे ओळखाले मले आता प्रमाणपत्र भेटलं आहे.’ आणि त्यांनी अहवालावर तसंच लिहून सही केली.

दीपाचे वडील तरीही मागे हटेनात. म्हणाले, ‘पण शुद्ध लिहिणाऱ्या पोरीचे मार्क उदाहरणासाठी कापता, हे तिले आधी माहीत तं पाह्यजे.’ मी काही बोलणार एवढ्यात दीपाच बोलली. इतका वेळ मान खाली घालून बसलेली पोर. म्हणाली, ‘बाबा, नुजहत मॅडमनं वर्गात तीनदा सांगतलं होतं. आपलं उदाहरण लिहा, गाइडमधलं नको. मीच नाही लिहिलं. मले वाटलं गाइडमधलं बरोबर असते.’ वडील तिच्याकडे वळले. ‘मंग घरी काहून नाही सांगतलं?’ ती म्हणाली, ‘तुम्ही मार्क विचारले. काय लिहिलं ते कुठं विचारलं?’ प्राचार्यांनी उगाच फाइल सरकवली. मग त्या गृहस्थांनी अमरकडून तक्रारीचा कागद मागून घेतला, त्यावर ‘समाधान झाले’ असं लिहिलं आणि सही केली. माफी मागितली नाही. जाताना मला म्हणाले, ‘त्या मॅडमले सांगजा.’ काय सांगायचं ते नाही सांगितलं. एवढंच काय ते त्यांच्याच्यानं झालं. मी ते तुला पोचवतेय.

सत्यभामेला यातलं काही माहीतही नव्हतं. तुझे मार्क रद्द झाले असते आणि सरांच्या पहिल्या दिवसाच्या हातानं ती तपासली गेली असती, तर नापास झाली असती, वसतिगृहातली जागा गेली असती, आणि पोर परत पोडावर. काल संध्याकाळी मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि फक्त म्हटलं, तुझं रेशनचं उत्तर छान होतं. ती घाबरून म्हणाली, ‘मॅडम, ते आईले नका सांगजा. ती म्हणन, आपल्या घरचं कायले लिवलं.’

हे सगळं तुला तोंडी सांगता आलं असतं. दारव्हा काही लांब नाही. पण काल सगळे गेल्यावर प्राचार्यांनी मला थांबवून सांगितलं की, तू मागच्या आठवड्यातच त्यांना फोन करून ‘आता मी येणार नाही, माझ्या जागी दुसरं कुणी बघा’ असं कळवलं आहेस. त्यांनी विचारलं, ‘काय करू?’ मी म्हटलं, बुधवारपर्यंत थांबा. मी आत्ता तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते, तर रडले असते, खालानं दोघींना जेवायला वाढलं असतं, आणि तू माझ्यासाठी हो म्हणाली असतीस. तसं मला नको आहे. म्हणून जे झालं ते सगळं, तुझी चूक आणि माझ्या मनात आलेला संशयसुद्धा, कागदावर लिहून तुझ्यापुढे ठेवलंय. माझ्या मनात तसं आलं, हे वाचून तुला माझं तोंड बघावंसं वाटलं नाही तरी मी समजून घेईन. जायचं असेल तर जा नुजू, पण कुणी घालवलं म्हणून जाऊ नकोस, कारण आता तुला कुणी घालवलेलं नाही. आणि यायचं असेल तर बुधवारचा दुसरा तास रिकामा आहे. या सत्राचा पहिला धडा कुटुंबाचा आहे. मी तो सुरू केलेला नाही. पोरं रोज विचारतात, आणि मी रोज त्यांना सांगते की तो मॅडमच शिकवतील.

वाट बघणारी, तुझीच
साधना